सराट्याच्या मुलखात ट्यूबलेस

आधी निकाल, मग पुराण. ग्रॅव्हल सायकलला, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या रुंद टायरच्या सायकलला, ट्यूबलेस टायर घ्यावेत का? पुरंदर, बारामती, दौंड, फलटण या पट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यांवर चालवणार असाल तर घ्यावेत. पण दर दोन महिन्यांनी हात पांढरे करून घ्यायची तयारी असेल तरच. नसेल तर बऱ्यापैकी ट्यूबा टाका, दोन जास्तीच्या जवळ ठेवा आणि सुखाने फिरा. "एकदा ट्यूबलेस केलं की पंक्चर विसरा" असं जो सांगतो, तो एक तर टायर विकतो किंवा एप्रिल-मेमध्ये सायकल चालवत नाही.

माझं सासवडला औषधांचं दुकान आहे. नऊच्या सुमारास शटर वर जातं, त्यामुळे सायकल पहाटेची. पूर्वी मी डांबरीवरच असायचे, जेजुरीपर्यंत जाऊन परत. पालखी मार्गाचं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ चं रुंदीकरण सुरू झालं आणि अंधारात डंपरच्या शेजारून जायची हौस फिटली. तेव्हापासून पाणंदी, कालव्याच्या कडेचे रस्ते, माळावरच्या चाकोऱ्या. सायकल अॅल्युमिनियमची, डिस्क ब्रेकवाली, टायर ७०० बाय ४०, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद. माझं वजन ६२ किलो. हे आकडे मुद्दाम देतेय, कारण टायरबद्दल कुणीही काही सांगितलं तरी आधी त्याचं वजन आणि टायरची रुंदी विचारावी, नाहीतर ते ऐकून उपयोग नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर आणि तीन तऱ्हेचं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, वापरून झालंय आणि खाली जे सांगणार आहे ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आत ट्यूब नसते. रिमच्या तळाला स्पोकची भोकं झाकणारी पट्टी चिकटवतात, तिच्यातून व्हॉल्व्ह बाहेर काढतात, टायरची कडा रिमच्या खाचेत घट्ट बसते आणि आत ६० ते ९० मिली पातळ सीलंट फिरत राहतं. सीलंट म्हणजे बहुतेक वेळा रबराचं लेटेक्स, पाणी, थोडं ग्लायकॉल आणि बारीक कण. भोक पडलं की हवेबरोबर ते तिकडे धावतं, कण अडकतात, लेटेक्स गोठतं आणि भोक बुजतं. माउंटन बाइकसाठी ही पद्धत माविक कंपनीने मिशेलिन आणि हचिन्सनच्या साथीने १९९९ मध्ये बाजारात आणली. आज ग्रॅव्हलच्या शर्यतीत ट्यूब घालून उतरणारा क्वचितच दिसेल. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून जी अनबाउंड शर्यत होते, तिचा मुख्य पल्ला २०० मैलांचा, म्हणजे साधारण ३२० किलोमीटर, आणि सगळी वाट फ्लिंट हिल्सच्या टेकड्यांतून. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. तो टायर ब्लेडने चिरावा तसा चिरतो, म्हणून तिथले लोक टायर आणि सीलंटवर तावातावाने बोलतात. आपल्याकडे चकमक नाही, पण फोडलेला काळा पाषाण आहे. ताज्या खडीची धार त्याच्या फार मागे नाही.

आता काटे. आपल्याकडे खरा प्रश्न त्यांचाच.

बाभळीचा काटा सगळ्यांना माहीत आहे. लांब, सरळ, पांढरट. शेतकरी बांधावरची वाट बंद करायला फेसाटी आडवी टाकतो, ती सुकते, मोडते आणि वाऱ्याने पाणंदीभर होते. वेडी बाभूळ कालव्याच्या दोन्ही काठांवर माजलेली. पण हे काटे निदान दिसतात. दिसत नाही तो सराटा. दिवाळीच्या आगेमागे माळावर जमिनीसरपट पसरलेली वेल असते, बारीक पिवळी फुलं, बघायला गरीब. तिचं फळ सुकलं की त्याच्या पाच फोडी होतात आणि प्रत्येक फोडीला दोन मोठे आणि दोन छोटे काटे. ती फोड कशीही पडली तरी एक काटा आभाळाकडे असतोच. आमच्या दुकानात हाच सराटा गोखरू चूर्ण म्हणून डबीत मिळतो, दशमूलारिष्टातही असतो. मूतखड्यावर घेतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सायकलवाल्यांचा पहिल्या नंबरचा शत्रूही हाच. तिकडे तो बाहेरून येऊन माजला. ट्यूबवर असताना दिवाळीनंतर वीर धरणाकडे गेले की हमखास एक पंक्चर, आणि एक काढून निघावं तर पुढच्या फर्लांगावर दुसरं.

ट्यूबलेस बसवल्यावर त्याच वाटेने आल्यावर मी पुढचं चाक उन्हात धरून हळूहळू फिरवलं. ठिपके मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. प्रत्येक सराट्याच्या फोडीभोवती नखाएवढा ओलसर काळा डाग, त्याच्या मध्यावर पांढरा कण, आणि हवा जागच्या जागी. घरी येऊन चिमट्याने काटे उपटले. प्रत्येकाच्या जागी एक बुडबुडा यायचा, चाक फिरवून ती जागा खाली आणली की दोन-तीन गिरक्यांत थांबायचा. या एका गोष्टीसाठी मी ट्यूबलेसला दहापैकी दहा देते. दुसरं काही नसतं तरी चाललं असतं.

तरी दुसरं आहेच, आणि त्याची जाहिरात काट्यांइतकी होत नाही. ट्यूब असताना मला मागच्या चाकात ४५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) खाली जाता यायचं नाही. खाली गेलं की एखादा गोटा टायर रिमवर आपटवतो, मध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसली की चिमटायला काही उरत नाही. आता मी पुढे २८ आणि मागे ३१ ठेवते. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण दिवे गावाच्या मागच्या मुरमाड उतारावर आधी सायकल खडीवर नाचायची, आता ती खडीला धरून चालते. तासाभराने मनगटं बधिर व्हायची ते थांबलं. चढावरही फरक आहे. सुट्या मुरमात मागचं चाक जागेवर फिरायचं, ते आता दाबून पकड घेतं. शर्यतीत उतरणाऱ्या पोरांना वाटतं टायर जितका दगड तितका वेग जास्त. डांबरीवर त्यात थोडं तथ्य असेलही. खडबडीत रस्त्यावर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावर तुम्हाला उचलतो, आणि उचलायला लागणारी ताकद तुमच्याच मांड्यांतून जाते. मैत्रिणीला पटेना, तेव्हा कालव्याच्या त्याच सरळ पट्ट्यावर तिला आधी ४५ वर आणि मग ३२ वर चालवायला लावलं. आता ती मला सांगते की हवा जास्त भरू नकोस.

एक सावधगिरी: काही नव्या रिमना आतून आकडा नसतो, म्हणजे टायरची कडा अडकवायला वळलेली ओठाळी नसते. त्यांना हुकलेस म्हणतात आणि त्यांची हवेची कमाल मर्यादा ५ बार, साधारण ७२ पीएसआय. ग्रॅव्हलला तेवढं कुणी भरत नाही, पण पंक्चरच्या दुकानात मोटारीच्या पाइपने 'टणक' करून देणारे हात बरेच आहेत. तिथे उभं राहून लक्ष ठेवा.

बसवणं ही वेगळीच कथा आहे. टायरची कडा रिमवर चढायला एकदम, धाडकन हवा लागते. साध्या उभ्या पंपाने कधी बसते, कधी घाम काढते. मी सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर बसणारा पितळी अडॅप्टर घेतला, चार चहांच्या किमतीत येतो, आणि चाक घेऊन एसटी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेले. त्यांनी चाक हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"ताई, ह्यात ट्यूब कुठंय?"

"नाही मामा. मोटारसायकलसारखंच, ट्यूबलेस."

"आन् मग हे दूध कशाला?"

हवा सोडली, टायरने दोनदा ठो-ठो केलं आणि कडा बसली. आवाजाने शेजारचा चहावाला बाहेर आला. मामांनी पैसे घेतले नाहीत, पण त्या पांढऱ्या दुधाची बाटली वाचून काढली आणि बुलेटच्या टायरला चालेल का विचारलं. बसवण्याचं अर्धं काम यात आटोपतं. बाकी अर्धं त्या पट्टीचं आहे.

आणि पट्टीवरून माझी तक्रार आहे. पहिल्यांदा हे काम मी पुण्यातल्या एका मोठ्या, चकचकीत दुकानातून करून घेतलं होतं. नाव घेत नाही. मजुरी भरपूर, सोबत कॉफी. घरी आल्यावर रोज सकाळी मागचं चाक निम्मं बसलेलं. दुकानात फोन केला की, "मॅडम, सुरुवातीला असं होतं, सीलंट बसू द्या." शेवटी चाक टबात बुडवलं, तर बुडबुडे टायरमधून नव्हे, स्पोकच्या मुळाशी येत होते. पट्टी उलगडली. रिमची आतली रुंदी २३ मिलिमीटर आणि लावलेली पट्टी २१ ची. पट्टी आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्तच लागते, म्हणजे दोन्ही बाजूंनी कडेवर चढते. वर सीलंटही हात आखडून घातलेलं. आता पट्टी मी स्वतः लावते: रिम स्पिरिटने पुसायचा, पूर्ण सुकू द्यायचा, पट्टी ताणून दोन फेरे घ्यायचे, अंगठ्याने मधोमध दाबत जायचं, आणि व्हॉल्व्हचं भोक कात्रीने न कापता तापवलेल्या सुईने पाडायचं. कापलेली कड फाटत जाते, वितळलेली फाटत नाही. तुम्ही दुकानातून करून घेणार असाल तर पट्टीची रुंदी आधी विचारा. ज्याला आकडा सांगता येत नाही त्याच्याकडे चाक सोडू नका.

आता उन्हाळा. कुठल्याही बाटलीवर 'दोन ते सहा महिने टिकतं' अशा धर्तीचं काहीतरी लिहिलेलं असतं. औषधाच्या दुकानात आयुष्य गेल्यामुळे मी असा मजकूर नेहमी साठवणुकीच्या तापमानासकट वाचते. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर ४० अंश, आणि टायर काळा. सीलंटमधलं पाणी टायरच्या अंगातून हळूहळू उडतंच. आपल्या एप्रिल-मेमध्ये ते हळूहळू राहत नाही. मेच्या मध्याला टायर उघडला तर आत चाकाच्या कडेने एक पातळ रबरी साय चिकटलेली आणि सुपारीएवढा एक गोळा. द्रव एक थेंबही नाही. म्हणजे कित्येक दिवस मी नुसत्या हवेवर फिरत होते आणि सराट्याचा मोसम नव्हता म्हणून निभावलं.

उपाय सोपा आहे, टाळाटाळ करू नये एवढंच. रायल्स ट्यूबमधून रुग्णाला पातळ अन्न देतात ती ५० मिलीची सिरिंज कुठल्याही औषध दुकानात शंभराच्या आत मिळते. सायकलच्या दुकानात 'सीलंट इंजेक्टर' म्हणून तीच वस्तू वेगळ्या रंगात पाच-सहाशेला ठेवलेली पाहिली आहे. तिच्या लांबट टोकाला नळीचा छोटा तुकडा लावा. व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार वाजता येईल असा ठेवा, हवा सोडा, व्हॉल्व्हचा आतला गाभा किल्लीने काढा. बाटली चांगली हलवा. कण तळाला बसलेले असतात आणि वरचं पाणीच भरलं तर काम शून्य. मग ६० मिली सावकाश आत. गाभा पुसून परत लावा, कारण त्यातच लेटेक्स साठून हवा अडायला लागते. अमोनियाचा वास आला तर खिडकी उघडा. रिमवर मी दुकानातलं छोटं लेबल चिकटवते, भरल्याची तारीख आणि 'पुढचे' म्हणून दोन महिन्यांनंतरची. पावसाळ्यात आणि थंडीत तीन महिने चालतं. मधे शंका आली तर चाक काढून कानाशी हलवा. पातळ खळखळ ऐकू आली पाहिजे.

सीलंटची हद्दही सांगते. काटा, खिळा, तारेचा तुकडा इथपर्यंत ते एकटं पुरतं. चिरेपुढे नाही. वाघापूरच्या पुढे, भुलेश्वराच्या अलीकडे एका पाणंदीवर नवी खडी टाकलेली होती, रोलर फिरलेला नव्हता. २०२१ च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेनंतर अशा वाटा पुष्कळ झाल्या. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी उत्तम, माझ्या टायरच्या कुशीसाठी नाही. दगड अंगावर उसळला, मागून 'फिस्स' आणि पिंढरीवर पांढरी पिचकारी. चीर साधारण करंगळीच्या नखाएवढी. चाक फिरवून ती खाली आणली, सीलंट उकळल्यासारखं होत राहिलं, बंद होईना. मग दोरी. मोटारसायकलला मारतात तशीच चिकट रबराची दोरी, पण सायकलची वेगळी घ्या. गॅरेजमधली जाड असते आणि सायकलच्या पातळ टायरमध्ये ती घुसवायला आधी कानशीने भोक मोठं करावं लागतं, म्हणजे दुखण्यापेक्षा इलाज भारी. दोन दोऱ्या शेजारी शेजारी घुसवल्या, २५ पर्यंत हवा मारली आणि यवतपर्यंत उतरून आले. पंप हाताचा होता. हवा भरायला कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी जवळ बाळगणाऱ्यांनी सीलंटच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं. काही लेटेक्स त्या थंड वायूने आतल्या आत गोठतं.

दोरीनेही भागलं नाही तर? ट्यूब. हो, ट्यूबलेसवाल्यानेही एक ट्यूब जवळ ठेवायचीच. आणि इथे एक गोष्ट आहे जी विकताना कुणी सांगत नाही. ट्यूबलेस टायर काटे पचवतो म्हणजे ते आत तसेच राहतात. महिनोन्महिने साठलेली बाभळीची टोकं आतल्या बाजूने अर्धा-एक मिलिमीटर वर आलेली असतात. तशात नवी ट्यूब घातली की पहिल्या शंभर मीटरमध्ये तिची चाळणी. म्हणून आतून संपूर्ण टायरवर बोट फिरवायचं, आतला चिकट लपका पुसत पुसत, आणि प्रत्येक टोक बाहेर काढायचं. यात बोटं रक्ताळतात. मी प्रवासाच्या पिशवीत चिमटा आणि सर्जिकल हातमोज्यांची एक जोडी ठेवते. हे काम उन्हात, माशांच्या सोबतीने, अर्धा तास खातं. ट्यूबवाला तोवर ट्यूब बदलून चहाला पोचलेला असतो.

खर्चाचं म्हणाल तर माझा हिशेब असा झाला: दोन टायर मिळून आठ हजारांच्या आसपास, पट्टी आणि व्हॉल्व्ह दीड हजार, अर्ध्या लिटर सीलंटची बाटली हजार-बाराशे. दोन महिन्यांचा पाळा धरला तर एक बाटली आठ-नऊ महिने जाते. देशी बनावटीचं सीलंट स्वस्त मिळतं, त्यातलं एक मी हिवाळाभर वापरलं. काटे नीट बुजवले, पण मेमध्ये इतरांपेक्षा लवकर वाळलं. भाव निम्मा असेल तर दुप्पट वेळा भरायला माझी हरकत नाही, कुणाला कंटाळा असेल तर त्याने महागडं घ्यावं. रिम आधीपासून ट्यूबलेससाठी बनवलेला आहे का हे मात्र आधी पाहा. जुन्या हायब्रिड सायकलच्या साध्या रिमवर पट्टीचे पाच फेरे मारून जुगाड करणारे लोक आहेत. उतारावर कडा निसटली की तो जुगाड हनुवटीवर येतो.

कोणी घेऊ नये तेही सांगते. महिन्यातून एकदा सिंहगडच्या पायथ्याशी भजी खायला जाणाऱ्यांनी. पावसाळाभर सायकल भिंतीला लावून ठेवणाऱ्यांनी. उभ्या चाकात सीलंट तळाला साचून एकाच जागी गोठतं आणि मग चाक धप-धप करत चालतं. मुलांच्या सायकलला तर नकोच. आणि सगळं डांबरीच असेल तर २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये एवढा खटाटोप करण्यापेक्षा चांगली ट्यूब बरी.

राहिला चिखल. याबद्दल फार लोक विचारतात म्हणून: ट्यूबलेस, ट्यूब, काहीही असो, काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर काही चालत नाही. २०२३ च्या अनबाउंडला सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिखल लागला की जगातले निवडक सायकलपटू सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. नीरेपासून बारामतीकडे कालव्याच्या कडेने जूनमध्ये जाऊन पाहा, टायर आणि फ्रेममधलं अंतर पाच मिनिटांत भरून येतं आणि चाक फिरायचं थांबतं. त्या दिवसांत मी जेजुरीच्या वरच्या कडेपठाराकडचा मुरूम धरते. मुरूम पाणी पिऊन घेतो, चिकटत नाही, आणि ३१ पीएसआयला ओल्या मुरमावर जी पकड मिळते ती कोरड्यातही मिळत नाही. तिकडे जाणार असाल तर सीलंट मेअखेर भरून घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडच्या ५० मिलीच्या सिरिंजा संपलेल्या असतात, कारण आता सासवडची निम्मी सायकलवाली मंडळी त्या माझ्याच दुकानातून नेतात.